१९९१च्या मेलोडिक हार्ड रॉक अल्बमची मूळ टेप माझ्याकडे आहे. पुन्हा काढायचाय, सुरुवात कुठून करू?

रीलवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

१९८७ ते २००१ मी दादरच्या बाजूला एका छोट्या स्टुडिओत कामाला होतो. आधी केबल गुंडाळणं आणि चहा सांगणं, मग टेप ऑपरेटर, शेवटची काही वर्षं रेकॉर्डिस्ट. दिवसा जिंगल, भावगीतं, भक्तिगीतं. रात्री दहानंतरचे तास निम्म्या भावात मिळायचे, ते घ्यायला कॉलेजातली पोरं यायची. १९९१च्या एप्रिल-मेमध्ये अशाच चार पोरांनी सव्वीस रात्री घेतल्या आणि अख्खा अल्बम केला. नऊ गाणी, इंग्रजीत, सगळी स्वतःची. बँडचं नाव इथे लिहीत नाही, कारण अजून सगळ्यांना विचारलेलं नाही.

मुंबईच्या रंगभवनला, जिथे रॉकचे कार्यक्रम व्हायचे, तेव्हा पब्लिकला ओळखीची परदेशी गाणी हवी असायची. स्वतःचं गाणं लावलं की लोक पाणी प्यायला उठायचे. रॉक मशीन या बँडने १९८८मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि मग अशा पोरांना धीर आला.

मेलोडिक हार्ड रॉक हा प्रकार ज्यांच्या कानावरून गेला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गिटार जड, ड्रम मोठे, पण चाल अशी की एकदा ऐकून गुणगुणता येते. बॉस्टन, जर्नी, डेफ लेपर्ड हे परदेशी बँड या घराण्यातले. यात खरी कमाई असते ती ध्रुवपदातल्या आवाजांच्या थरांची. आमचं मशीन सोळा ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपेवर सोळा वेगळ्या पट्ट्यांत रेकॉर्ड करणारं. ड्रम, बास, गिटार, कीबोर्ड झाल्यावर पाच ट्रॅक उरायचे. चौघे एका माइकभोवती उभे राहून तेच ध्रुवपद तीनदा गायचे, तीन वेगळ्या ट्रॅकवर. ते बारा आवाज मिसळून चौथ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि आधीचे तीन पुसायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या बाजूच्या स्पीकरसाठी. चोवीस आवाज, आणि एकदा पुसलं की मागे फिरता येत नाही. पहाटे तीनला त्या पोरांनी माझ्याकडे बघून मान हलवली की मी बटण दाबायचो. एसी बंद ठेवावा लागायचा, कारण कॉम्प्रेसरची घरघर माइकमध्ये यायची. एप्रिलच्या उकाड्यात दर टेकनंतर गिटार पुन्हा लावावी लागायची.

१९९२मध्ये एका छोट्या कंपनीने ५०० कॅसेट काढल्या. साध्या टेपवर, भरधाव मशीनवर केलेल्या कॉप्या. झांजा गेल्या, थर गेले, सगळं घोंगडीखाली झाकल्यासारखं. त्यातून बी बाजू ए बाजूपेक्षा पावणेदोन मिनिटांनी लांब होती. एका बाजूला कोरी टेप सोडायची नाही म्हणून कंपनीने शेवटचं गाणं तेवढंच आधी हळूहळू बंद करून टाकलं. म्हणजे ज्या पाचशे घरांत हा अल्बम गेला त्यांनी कॅसेट ऐकली. टेपवर जे आहे ते आम्ही पाच-सहा जण सोडून कुणी ऐकलेलंच नाही. मला हेच लोकांपुढे आणायचंय.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालक म्हणाले, हवं ते घेऊन जा. मी या अल्बमची दोन रीलं उचलली. पाव इंची, सेकंदाला १५ इंच वेगाची, सगळे ट्रॅक एकत्र केलेल्या अंतिम मिक्सची टेप. तेव्हापासून रत्नागिरीत, घरी लोखंडी कपाटात आहेत. सोळा ट्रॅकची मूळ टेप नाही. परदेशी टेप महाग होती, मिक्स झालं की पुसून पुढच्या कामाला वापरायचो. तीही मीच पुसली.

गिटारवाला दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या तेराव्याला बाकीचे तिघे भेटले, एक जण कॅनडाहून आला होता. विषय निघाला आणि मी म्हणालो, टेप माझ्याकडे आहे. तिघेही गप्प झाले. त्यांना वाटत होतं ती केव्हाच गेली.

आता विचारायचंय ते असं. टेप अजून लावलेली नाही, लावू का? हक्क कुणाचे, माझा तर काहीच नाही ना? आणि एलपी काढावी की सीडी?

चुंबकपट्टी_पुणे

काका, आधी एकच सांगतो. टेप लावू नका. अजिबात नाही, पाच सेकंद ऐकून बघायला सुद्धा नाही.

कारण सांगतो. टेपवरची चुंबकीय भुकटी प्लास्टिकच्या पट्टीला एका पॉलियुरेथेनच्या लेपाने चिकटवलेली असते. ७०-८०च्या दशकांतल्या बऱ्याच स्टुडिओ टेपांचा हा लेप हवेतला ओलावा शोषून मऊ पडतो. कोकणातली इतक्या पावसाळ्यांची हवा म्हणजे त्याला मेजवानीच. अशी टेप लावली की आधी किंचाळते, मग हेडवर, म्हणजे मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल जमतो. तो चिखल म्हणजेच तुमचं गाणं.

उपाय आहे. टेप बेक करतात. साधारण ५४ अंश सेल्सिअसवर आठेक तास, तापमान सतत मोजत, मध्ये रील उलटून. त्यानंतर तेवढाच वेळ नुसती थंड होऊ द्यायची. लेपातला ओलावा निघतो आणि काही आठवडे टेप नीट वाजते. तेवढ्यात डिजिटल कॉपी करून घ्यायची. घरच्या ओव्हनमध्ये कधीही नाही, त्याचं तापमान वर-खाली होतं. मायक्रोवेव्ह तर विसराच. आणि प्रत्येक टेप बेक करायची नसते. मागच्या बाजूला काळा खरखरीत लेप आहे का, बघा. असेल तर ती बहुतेक या जातीची. अॅसिटेट नावाच्या जुन्या प्लास्टिकच्या टेपेला उष्णता दिली तर ती कायमची जाते.

बुरशी दिसते का? रीलच्या कडेला पांढरे तंतू असतील तर तोंडाला मास्क लावा आणि बंद डब्यातच ठेवा.

दोन गोष्टी विचारतो. टेप शेवटाकडून गुंडाळलेली आहे की सुरुवातीकडून? आणि सुरुवातीला टोन, म्हणजे मशीन जुळवायचे ठरावीक सूर, भरलेत का?

रीलवाला

काळा लेप आहे. बुरशी एका रीलच्या कडेला थोडी आहे, कापसासारखी. डबा लगेच बंद केला.

टेप शेवटाकडून गुंडाळली आहे. आम्हाला तसंच शिकवलं होतं. शेजारच्या वेढ्याचा ठसा उमटलाच तर तो गाण्याच्या आधी भुतासारखा न येता नंतर यावा, गाण्याखाली झाकला जावा. टोनही आहेत: १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ, १०० हर्ट्झ, प्रत्येकी तीस सेकंद. डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय.

चुंबकपट्टी_पुणे

काका, तुम्ही तीस सेकंदांचे टोन भरलेत म्हणून अर्धं काम आजच झालं. १० किलोहर्ट्झच्या टोनवर आम्ही हेडचा कोन तुमच्या मशीनच्या कोनाशी जुळवून घेतो. हा कोन जरा जरी चुकला तरी झांजा आणि वरचे थर पुसट होतात. इथे बहुतेक टेपा टोनशिवायच येतात आणि मग नुसत्या कानावर अंदाज बांधावा लागतो. तुमच्या टेपेवर अंदाज करायची गरज नाही.

पुण्याला घेऊन या. कुरिअर करू नका. एसटीने आलात तर मांडीवर ठेवा, स्पीकरजवळ नको. टेपेचे तुकडे चिकटवलेले जुने जोड बेक केल्यावर सुटतात, ते मी नवे लावून देईन. कॉपी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये करू, त्यावर कसलीही प्रक्रिया न करता. स्वच्छता, मास्टरिंग वगैरे सगळं त्या कॉपीच्या कॉपीवर.

कलम_एकोणीस

काका, वकील म्हणून लिहितेय, पण हा सल्ला नाही. सल्ल्यासाठी कागद बघावे लागतात.

टेप हातात असणं आणि त्यावरचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही स्वतःच ओळखलंत. गाण्यात निदान तीन पदर असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल ज्यांनी केली त्यांची, आणि ते गेल्यावर साठ वर्षं वारसांची. गिटारवाल्यांनी चाली केल्या असतील तर त्यांच्या पत्नीला आणि मुलांना विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ध्वनिमुद्रणात गंमत आहे. आज कॉपीराइट कायद्यात त्याचा कर्ता म्हणजे निर्माता. पण हा बदल १९९४च्या दुरुस्तीने आला. १९९१मध्ये कायदा विचारायचा, मूळ प्लेट, म्हणजे ज्यावरून रेकॉर्ड निघते ती वस्तू, बनली त्या वेळी तिचा मालक कोण. मास्टर टेप प्लेटमध्येच मोडते. म्हणून माझा प्रश्न असा: ती कोरी टेप विकत कुणी घेतली? स्टुडिओने की बँडने?

दुसरं म्हणजे त्या कॅसेट कंपनीचा कागद. बरेच लोक याच कायद्याचं कलम १९ वाचून खूश होतात, की मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरायचं, आणि वर्षभरात वापर केला नाही तर ते गळून पडतं. पण त्याच कलमाचं सातवं उपकलम सांगतं की ही दुरुस्ती लागू होण्याआधीच्या हस्तांतरणांना हे नियम लावायचे नाहीत. दुरुस्ती १० मे १९९५ला लागू झाली. तुमचा कागद त्याआधीचा, म्हणजे त्यात काय लिहिलंय त्यावरच सगळं ठरणार. कागदच नसेल तर उलट सोपं. सही केलेल्या लेखाशिवाय हस्तांतरण होत नाही, हे १९५७पासून आहे.

आणि जुनं आहे म्हणून मोकळं झालं असेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९२मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०५२च्या अखेरपर्यंत आहे.

डर्बीकर

काका, तुमची पहिली पोस्ट मी दोनदा वाचली. मी इंग्लंडात डर्बीला राहतो, डॉनिंग्टन इथून गाडीने अर्ध्या तासावर. १६ ऑगस्ट १९८०ला तिथे पहिला मॉन्स्टर्स ऑफ रॉक हा रॉक महोत्सव झाला. रेनबो हा बँड शेवटी, आणि सगळ्यात पहिला बँड टच, न्यूयॉर्कचा. नेमका तुमच्याच जातीचा: कीबोर्ड आणि आवाजांचे थर. त्यांच्या बासवाल्याने स्टेजवर बिअरबरोबर मधमाशी गिळली, लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. पहिला अल्बम अफलातून आहे. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग टॉड रंडग्रेन या संगीतकार-निर्मात्याकडे झालं आणि तो वर्षानुवर्षं बाहेर आलाच नाही. चाहत्यांनी हातोहाती फिरवलेल्या कॅसेटींवर तो जगला.

दुसरं उदाहरण डेअर. थिन लिझी या बँडमधले कीबोर्डवाले डॅरेन व्हॉर्टन यांनी मँचेस्टरच्या बाजूला काढलेला बँड. १९८८चा 'आउट ऑफ द सायलेन्स'. दुसऱ्या कीबोर्डवर ब्रायन कॉक्स होते. हो, तेच, आज टीव्हीवर विश्वाची उत्पत्ती समजावून सांगणारे भौतिकशास्त्रज्ञ. ३० वर्षांनी, २०१८मध्ये, बँडने तो अल्बम नव्याने वाजवून पुन्हा काढला. माझ्याकडे दोन्ही आहेत. नवा स्वच्छ आहे, समंजस आहे. पण मी लावतो जुनाच. तो वाजवताना त्या पोरांना जग जिंकायचं होतं आणि ते ऐकू येतं.

म्हणून विनंती करतो. आता संगणक तयार मिक्समधूनही ड्रम वेगळे काढून देतो. कुणी तरी तुम्हाला सांगेल की जुने ड्रम काढून नवे बसवू, गिटारचा सूर सरळ करू. नाही म्हणा. आणि आवाज फुगवू देऊ नका. रश या बँडचा २००२चा 'व्हेपर ट्रेल्स' इतका ठासून भरला होता की शेवटी २०१३मध्ये अख्खा अल्बम पुन्हा मिक्स करून काढावा लागला. तुमच्याकडे तर पुन्हा मिक्स करायला मूळ ट्रॅकच नाहीत.

लंडनची रॉक कँडी नावाची कंपनी ७०-८०च्या दशकांतले असे विसरलेले अल्बम पुन्हा काढते. त्यांच्या सीडीबरोबर जाडजूड पुस्तिका असते: मुलाखती, फोटो, कोणतं गाणं कसं झालं. मी निम्म्या सीडी त्या पुस्तिकांसाठी घेतल्या. तुम्ही वर जे लिहिलंत, चौघे एका माइकभोवती आणि एसी बंद, ते जसंच्या तसं पुस्तिकेत छापा.

रीलवाला

ड्रम बदलायचा प्रश्नच नाही. ते ड्रम आम्ही रात्री अकरानंतर इमारतीच्या जिन्यात ठेवून वाजवले होते, कारण आमची खोली लहान होती. माइक दोन मजले वर टांगला होता. तो जिना आता नाही, इमारत पाडली. तो आवाज आता कुठल्याच यंत्रात मिळणार नाही.

दुसऱ्या गाण्यातल्या सोलोत गिटार किंचित उतरलेली आहे. तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, पुन्हा घेऊ. तो म्हणाला, नको, हात आत्ता जो चाललाय तो पुन्हा चालणार नाही. तेव्हा मला पटलं नव्हतं. आता पटतं. तो तसाच राहील.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर डब्यातच सापडलं. लॅमिंग्टन रोडच्या दुकानाची पावती आहे, दोन रीलांची, गायकाच्या नावावर, मार्च १९९१. स्टुडिओची टेप आणखी महाग पडायची म्हणून पोरांनी वर्गणी काढून बाहेरून आणली होती. कंपनीचा कागदही वसईला बासवाल्याकडे निघाला. एकच पान. '५०० कॅसेटपुरती परवानगी' असे शब्द आहेत, खाली दोघांच्या सह्या.

कलम_एकोणीस

काका, पावती आणि तो कागद दोन्हींचे नीट फोटो काढा आणि पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. थर्मल कागद नसला तरी शाई उडते. ५०० कॅसेटपुरती परवानगी म्हणजे वाचायला तरी परवाना दिसतो, हस्तांतरण नाही, आणि तो ५०० कॅसेटींवर संपला. तरीही कंपनीचं जे कुणी मागे असेल त्यांना पत्र पाठवून लेखी होकार घ्या. वाद नको म्हणून. आणि वर्गणी काढली होती म्हणालात, म्हणजे पावती एकाच्या नावावर असली तरी चौघांचा आपापसांत लेखी करार हवाच: कुणाचा वाटा किती, निर्णय कसे घ्यायचे. हे आत्ता प्रेमाने होतं. पैसे आल्यावर होत नाही.

रेकॉर्डप्रेमी_डोंबिवली

एलपीबद्दल. २०२४मध्ये मुंबईत पुन्हा रेकॉर्ड छापायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे सगळं युरोपातून मागवायची वेळ आता राहिलेली नाही. पण तुमच्या बाजू किती मिनिटांच्या? एका बाजूला २० मिनिटांपर्यंत चांगलं बसतं. त्यापुढे खाचा जवळ जवळ घ्याव्या लागतात, मग आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही कमी करावे लागतात. शिवाय सुई आत आत जाते तसा खाचेचा वेग कमी होतो आणि वरचे सूर मळतात. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेवतात.

रीलवाला

ए बाजू २२ मिनिटं ४० सेकंद. बी बाजू २४ मिनिटं २५ सेकंद. आणि बी बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यात मोठं, सगळ्यात जड, थर सगळ्यात जास्त त्यातच. म्हणजे एलपी काढली तर पुन्हा त्याच गाण्यावर कात्री येणार, या वेळी वेगळ्या कारणाने. क्रम बदलायचा नाही, तो पोरांनी पंधरा दिवस भांडून ठरवला होता. तेव्हा आधी सीडी आणि डिजिटल. एलपी पुढे कधी परवडली तर दोन तबकड्यांची.

रीलवाला

तीन महिन्यांनी लिहितोय. उशीर झाला, पण सगळ्यांचे होकार हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

रीलं पुण्याला मांडीवर घेऊन गेलो. बुरशी आधी साफ केली, मग बेक, मग एक रात्र थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा १ किलोहर्ट्झचा टोन स्पीकरमधून आला तेव्हा उभं राहवेना, खुर्ची ओढून बसलो. दोन ठिकाणी जोड सुटले, ते नवे लावले. एका गाण्यात डाव्या बाजूचा आवाज अर्धा सेकंद बुजतो, तिथे भुकटीच उरलेली नाही. ती जागा तशीच ठेवली आहे.

पहिलं ध्रुवपद आलं तेव्हा चोवीसच्या चोवीस आवाज होते. पुण्याचा तो मुलगा माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे. त्याने एकदाच विचारलं, "हे चौघंच आहेत?"

गायकाने कॅनडातून होकाराची सही पाठवली. ड्रमवाला म्हापशाला असतो, त्याने फोनवर फाइल ऐकली आणि दहा मिनिटांनी परत फोन केला, जिन्यात अजून कोण कोण होतं ते आठवून सांगायला. कंपनीच्या मालकांचा मुलगा भेटला, भला माणूस. त्याने होकार तर लिहून दिलाच, वर इनलेचं, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदाचं, मूळ चित्र वडिलांच्या फायलीत होतं ते आणून दिलं.

वहिनींकडे, गिटारवाल्याच्या पत्नीकडे, मी स्वतः गेलो. त्यांनी करार शांतपणे वाचला, मुलीला वाचायला दिला, सही केली. त्यांची अट एकच होती. कॅसेटच्या इनलेवर गिटारवाल्याच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं. तो कधी बोलला नाही, पण घरातल्या कॅसेटीवर त्याने पेनने ते दुरुस्त केलेलं होतं. वहिनींनी ती कॅसेट आणून दाखवली. या वेळी नाव बरोबर छापा, म्हणाल्या.

इनलेचा मजकूर काल पाठवला. नाव तीन जणांनी तपासलं. आणि शेवटच्या गाण्यापुढे कॅसेटवर ४:०५ लिहिलं होतं, तिथे आता ५:५० आहे.